पोगुम, मा, पोगुम!

ऑफिसातले किस्से कसे साठतात ते मला विचारा. काम असतं ते मधून सरळ वाहून जातं. बिलं जातात, मशिनी जातात, माणसंही दुसरी नोकरी मिळाली की जातात. कडेला, कोपऱ्यात जे अडकतं ते मात्र वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. ते म्हणजे किस्से! ही उपमा मी शोभेसाठी दिलेली नाही बरं का. माझी पहिलीवहिली नोकरी याच एका प्रश्नावर टिकणार की जाणार, अशी वेळ आली होती. कोपऱ्यात अडकलेलं हलतं की नाही?

मी म्हणत होते, हलत नाही. बाकी सगळी कंपनी म्हणत होती, हलतं.

कंपनी म्हणजे चेन्नईतल्या गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली एक पत्र्याची शेड. घट्ट, चिकट, न पडणारे पदार्थ ट्यूबमध्ये आणि बाटल्यांमध्ये भरायची यंत्रं आम्ही बनवायचो. मालक राघवन सर. कॉम्प्युटरवर डिझाइन करणारा सेंथिल. खरेदी-विक्री सांभाळणारे रामोजीराव. खाली वर्कशॉपातली मंडळी. आणि वर, जिन्याशेजारच्या टेबलावर, कऱ्हाडहून आलेली, प्रोबेशनवरची मी. तेव्हा मोबाईलला बटणं असायची आणि मला हिंमत नसायची.

* * *

सुरुवात इंटरव्ह्यूपासूनच झाली.

राघवन सरांनी टेबलावरची टोमॅटो सॉसची बाटली उचलली, बूच काढलं आणि बाटली माझ्यासमोर उलटी धरली. सॉस पडेना.

"का पडत नाही, मा?"

एवढा सोपा प्रश्न! मी घडाघडा सुरू झाले. "सर, काही पदार्थांना ठरावीक जोर लागल्याशिवाय ते वाहत नाहीत. तोवर एखाद्या घन वस्तूसारखे बसून राहतात. जोर त्या मर्यादेच्या वर गेला की मगच पाझर फुटतो. त्या मर्यादेला यील्ड स्ट्रेस म्हणतात. टूथपेस्ट, ग्रीस, इडलीचं पीठ..."

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बाटलीच्या बुडावर सणसणीत थाप मारली. मी खुर्चीतून वीतभर उडाले. सॉस माझ्या फर्स्ट क्लासच्या मार्कलिस्टवर पडला.

"पाहिलंस?" सर म्हणाले. "पोगुम!"

'मा' म्हणजे आपलं 'पोरी', आणि पोगुम म्हणजे 'जाईल'. सरांचं सगळं इंजिनिअरिंग या एका शब्दात मावायचं. पंप चालेल का? पोगुम. लॉरी वेळेवर पोचेल का? पोगुम. याच्या उलट शब्द 'पोगादु', म्हणजे 'जाणार नाही'. असाही शब्द तमिळमध्ये आहे, हे मला फुटपाथवर घेतलेल्या भाषा शिकवणाऱ्या पुस्तकातून कळलं. सरांच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता.

नोकरी मिळाली. मार्कलिस्टवर अजून तांबूस डाग आहे.

* * *

मी रुजू झाले आणि भाजलेल्या जखमांवरच्या मलमाची ऑर्डर आली. कंपनीच्या जन्मातली सगळ्यात मोठी! मलम टाकीतून अरुंद नळीत येणार, मग एका रुंद कप्प्यात शिरणार, कारण तिथे सेन्सर बसवायचा होता, आणि तिथून पुन्हा अरुंद नळीतून ट्यूबमध्ये उतरणार. कप्पा चांगला चौकोनी, कोपरे काटकोनात. ड्रॉइंग दिसायला फार सुबक.

मी ते पाहिलं आणि दचकले. मी दचकतेच म्हणा, पण या वेळी कारण होतं. अरुंद जागेत मलमाला सगळीकडून जोर बसतो, तिथे ते वाहतं. वाट रुंदावली की तोच जोर पसरतो, पातळ होतो. मधून मलम जात राहील. कोपऱ्यांपर्यंत मात्र पुरेसा जोर पोचणारच नाही. तिथलं मलम जिथल्या तिथे बसेल, जुनं होईल, सडेल. आणि एक दिवस त्यातलाच एखादा गोळा सुटून कुणाच्या तरी भाजलेल्या हातावर जाईल.

एवढं सगळं मी सरांना एका श्वासात सांगितलं. दुसरा घ्यायची भीती वाटत होती.

"कोपरे गोल करायचे तर साचा नव्यानं करावा लागेल, मा."

"हो सर."

"मागून नवीन मलम ढकलतंय ना? मग जुनं कुठं राहील? पोगुम, मा, पोगुम!"

"सर, नाही जाणार."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. सरांनी चष्मा काढला.

"दीपावलीला तुझं प्रोबेशन संपतं. तोवर मला दाखव. नाहीतर ड्रॉइंगवर 'तपासलं' म्हणून सही कर. दोन्ही जमत नसेल, तर कऱ्हाडला जायची गाडी असते ना?"

गाडी असते. किती आपुलकीनं चौकशी केली बघा!

* * *

दाखवायचं म्हणजे आत काय चाललंय ते दिसायला हवं. म्हणून त्या कप्प्याचं पारदर्शक ॲक्रिलिकचं मॉडेल करून घेतलं. त्यात भरायला मलमासारखंच, पण काचेसारखं स्वच्छ काहीतरी हवं होतं. बिनरंगी हेअर जेल! वागणूक मलमाची, रूप पाण्याचं.

मी राहायचे तिरुवल्लिकेणीतल्या लेडीज हॉस्टेलात. आजूबाजूला सगळ्या मॅन्शन, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, आणि मॅन्शनमध्ये एकेका खोलीत तीन-तीन बॅचलर. त्यामुळे गल्लीतल्या दुकानांत एकवेळ तांदूळ नसेल, हेअर जेल हमखास मिळायचं.

"अण्णा, जेल द्या. बिनरंगी."

"एक डबी?"

"बादलीभर."

दुकानदार अण्णांनी माझ्या तेल लावून चापूनचोपून घातलेल्या वेणीकडे पाहिलं. "कुणासाठी, मा?"

आता काय सांगू? घाबरून खरं तेच बोलले. "ऑफिससाठी. ते हलतं का ते बघायचंय."

अण्णांनी निमूटपणे बादली भरून दिली. पण पुन्हा गेले तेव्हा हळूच म्हणाले, "मागचं कसं निघालं? हललं?"

"नाही अण्णा. कोपऱ्यातलं तर अजिबात हलत नाही."

त्यानंतर गेले तेव्हा एक मॅन्शनवासी तरुण काउंटरवर हुज्जत घालत होता. हे जेल टिकत नाही, दुपारपर्यंत केस उभे राहतात म्हणे. अण्णांनी माझ्याकडे अभिमानानं बोट दाखवलं.

"टिकत नाही? या मॅडमना विचार! यांच्या कंपनीत पंप लावून टेस्ट केलंय!"

अख्ख्या चेन्नईत माझ्या प्रयोगावर विश्वास असलेला तो एकमेव माणूस.

* * *

सेंथिलचा विश्वास फक्त स्क्रीनवर. त्याच्या स्क्रीनवर सगळंच वाहायचं. लाल, पिवळ्या, हिरव्या रेघा अशा काही झुळझुळ पळायच्या, की ग्राहक खुर्चीतच पघळायचा.

एकदा मी त्याच्या मागे उभी राहून बघितलं. प्रोग्रॅम विचारत होता, यील्ड स्ट्रेस किती? सेंथिलनं टाकलं, शून्य.

"सेंथिल, शून्य म्हणजे पाणी झालं रे!"

"रिकामं ठेवलं तर एरर येतो, दीपा. शून्य टाकलं की पळतं."

या शास्त्रावर त्यानं कैरीच्या तोक्कूचं मशीन डिझाइन केलं. तोक्कू म्हणजे आपल्या तक्कूचा दाट, तेलात परतलेला तमिळ भाऊबंद. चाचणीला लोणचेवाले मालक स्वतः आले, पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून. पंप सुरू झाला. तोंडाशी काहीच येईना. स्क्रीनवर मात्र महापूर.

"जरा वाढव," सर म्हणाले.

सेंथिलनं वाढवलं. काही नाही.

"अजून."

काही नाही. मालक वाकून नळीच्या तोंडाशी बघायला लागले. मी म्हणणार होते, "वाकू नका," पण माझं वाक्यही तिथेच कुठेतरी अडकलं. आणि तेवढ्यात आतला जोर मर्यादेच्या वर गेला!

पुढचं दृश्य मी सांगत नाही. वेष्टी पुढून पूर्ण लाल आणि त्यावर मोहरीची नक्षी.

राघवन सर एक पाऊल पुढे आले. "पाहिलंत?" म्हणाले. "पोगुम!"

* * *

आता थोडं माझ्याविषयी. मी दचकते. दार वाजलं, फोन वाजला, कुणी मागून "दीपा" म्हटलं, की मी जागेवरून उडते. कॉलेजात मुली मुद्दाम करायच्या. इथे मुद्दाम काही करायची गरजच नव्हती, कारण जिन्याखाली, बरोबर माझ्या टेबलाच्या खालीच कंप्रेसर होता. हवेचा दाब जास्त झाला की त्याचा व्हॉल्व्ह 'फुस्स' करून उघडायचा, आणि मी उडायचे. चहा सांडायचा तो वेगळा.

पण झालं काय, की खालच्या लोकांना मशिनींच्या गोंगाटात तो व्हॉल्व्ह ऐकूच यायचा नाही. जिन्याच्या कठड्यातून मी मात्र स्पष्ट दिसायचे. मग त्यांनी आपली पद्धत बसवली. मी उडाले की कुणीतरी खालून ओरडायचं, "प्रेशर!" आणि दुसरा जाऊन कॉक फिरवायचा.

मी रजेवर गेले तेव्हा दोनदा फ्यूज उडाला म्हणे.

एकदा एक ग्राहक सुरक्षेची चौकशी करत होते. दाब वाढला तर कळतं का? अलार्म आहे का?

"दोन आहेत," सर म्हणाले. "एक जर्मनीचा. एक महाराष्ट्राचा."

"चांगला कुठला?"

सर प्रामाणिक माणूस. "जर्मनीचा कधीकधी वाजत नाही."

* * *

मग ओरगडमचा दौरा. तिथल्या एका गाडीच्या कारखान्यात काचा चिकटवायचं सीलंट आमच्या मशीनमधून जायचं. तक्रार अशी, की सोमवारी सकाळी पहिल्या काही गाड्यांना सीलंटमधून खडे येतात.

मी मशीन उघडायला लावलं. नळीच्या मध्यावर एक रुंद सांधा होता आणि त्याच्या कडेला सीलंट बसून चक्क रबर झालं होतं! मला इतका आनंद झाला, की दुसऱ्याचं नुकसान झालंय हे क्षणभर विसरले.

"सर, बघा! मधलं गेलं, कडेचं राहिलं. रविवारी वाळतं आणि सोमवारी त्याचे तुकडे सुटतात. आपल्या मलमाचंही असंच होणार!"

सरांनी तो रबराचा तुकडा हातात घेतला, दाबला, वास घेतला. कारखान्याचा मॅनेजर, मी, सेंथिल, सगळे श्वास रोखून उभे.

"कारण सापडलं," सर मॅनेजरला म्हणाले. "रविवार."

"मग उपाय?"

"रविवारी सुट्टी देऊ नका."

परतीच्या वाटेवर सेंथिल खिडकीबाहेर बघत हसत होता. मी ड्रॉइंगवर सही करताना कुठलं पेन वापरावं याचा विचार करत होते.

* * *

या सगळ्यात मला आधार होता तो रामोजीरावांचा. आधार म्हणजे मराठीचा. रामोजीराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज राजांच्या काळात इकडे आले ते आलेच. घरी बोलायचे ती मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल.

पहिल्या दिवशी मी आनंदानं त्यांच्याशी बोलायला गेले. "काका, मी ना, इथे जॉइन झालेय. खूप टेन्शन आलंय हो!"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"पोरी, तुझी मराठी फार बिघडली, अय्यो! तिकडे कोणी शिकवीत नाहीं काय?"

मी कऱ्हाडची! माझी मराठी बिघडलेली!

"काका, उलट तुमचीच जुनी..."

"जुनी म्हण, बिघडली म्हणूं नको. तुम्हांकडे सगळें मधून वाहून गेलें. इंग्लिश आली, हिंदी आली, ढकलून नेलें. आम्ही येथें कोपऱ्यांत बसलों. आम्हांस कोणी ढकललें नाहीं. म्हणून जशीच्या तशी राहिली."

मी उडालेच. "काका! हेच! मलमाचं हेच होतं! हे तुम्ही सरांना सांगाल?"

रामोजीरावांनी आपला डबा उघडला आणि शांतपणे एक अधिरसम माझ्या हातावर ठेवलं. गुळाचं, तळलेलं, आपल्या अनारशासारखं.

"मराठीविषयीं सांगेन," म्हणाले. "मलमाविषयीं मज संसार आहे."

* * *

त्या अधिरसमामुळेच मुंगी आली.

आडीचा, म्हणजे आपल्या आषाढाचा, महिना होता. पंख्याची हवासुद्धा गरम लागत होती. सेंथिल रामोजीरावांचा डबा घेऊन बरोबर माझ्या मॉडेलपाशी उभा राहून खात होता. मॉडेलच्या एका कोपऱ्यावर जेल भरायचं बूच होतं, ते उघडं होतं. गुळाच्या मागोमाग आलेली एक काळी मुंगी सरळ आत पडली.

जेलात पडलेली वस्तू बुडत नाही, तरंगत नाही, जिथे आहे तिथे राहते. मुंगी कोपऱ्यात राहिली. चिमट्यानं काढायला गेले तर चिमट्याबरोबर बुडबुडे आत गेले, आणि तेही वर येईनात. म्हणून नाद सोडला. मुंगीचा पुढचा एक पाय वर उचललेला होता. वर्गात उत्तर येत असलेली मुलगी हात वर करते ना, तसा. मी वर्गात कधीच केला नव्हता तसा.

पंप रोज चालवायचे. मधलं जेल जायचं, नवं यायचं. मुंगी तिथेच. पाय वर.

अखेर धीर करून सरांना मॉडेलपाशी घेऊन आले. "सर, बघा. ही पडल्यापासून मी रोज पंप चालवतेय. मुंगी हललेली नाही!"

सरांनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच कीव आली.

"दीपा मा. मेलेली मुंगी कशी हलेल?"

सेंथिल इतका हसला, की त्याला ठसका लागला. माझ्या पुराव्याचा निकाल तिथेच लागला.

* * *

मलमाच्या कंपनीच्या वसंता मॅडम विजयादशमीला येणार असं ठरलं. क्वालिटीच्या प्रमुख. त्या 'हो' म्हणाल्या की त्याच दिवशी ड्रॉइंगवर सह्या. शुभ दिवस. त्यांच्या सहीच्या खाली माझी 'तपासलं'ची जागा रिकामी ठेवली होती, आणि दीपावली तोंडावर आली होती.

आदल्या दिवशी आयुधपूजा. चेन्नईत त्या दिवशी प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकवाचा ठिपका लागतो. पंपाला, लेथला, सेंथिलच्या मॉनिटरला, माझ्या स्टेपलरला. रामोजीराव वाटी घेऊन फिरत होते. दाराशी कोहळा फोडला, तेव्हा अर्थातच मी उडाले, आणि खालून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "प्रेशर!"

विजयादशमीला सकाळी सरांनी मॉडेलकडे नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"औषधाची कंपनी येतेय आणि आत मुंगी? काढा!"

"सर, ती निघत नाही," मी म्हटलं.

"पंप फुल्ल कर. पोगुम!"

सेंथिलनं नव्या जेलात निळी शाई कालवली, म्हणजे धुऊन निघतंय हे दिसेल. पंप फुल्ल केला. निळं जेल अरुंद नळीतून आलं, रुंद कप्प्यात शिरलं, मधून एखाद्या सापासारखं सरळ गेलं आणि पलीकडच्या नळीतून बाहेर पडलं. दोन्ही बाजूंचे कोपरे स्वच्छ, बिनरंगी. मुंगी ढिम्म. पाय वर.

"अजून."

कडेचं थोडं निळं झालं. मुंगी ढिम्म.

"अजून, दा!"

"सर, याच्यापुढे पंपाला आकडाच नाही," सेंथिल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

तेवढ्यात गेटवर गाडी वाजली. सर घामाघूम. आणि अशा वेळी पूर्वजांची लढाऊ वृत्ती जागी होते म्हणतात ते खोटं नाही. रामोजीराव वाटी घेऊन धावत आले आणि त्यांनी मॉडेलवर, बरोबर मुंगीच्या समोर, चंदनाचा गोल गरगरीत ठिपका लावला. वर कुंकू. मुंगी गायब! ॲक्रिलिकची गुळगुळीत उभी भिंत, पण ठिपका ओघळला नाही. चंदनही त्याच जातीचं ना!

"भेष!" सरांनी शाबासकी दिली. सुटकेचा निःश्वास सगळ्यांनी मिळून टाकला. मी सोडून.

वसंता मॅडम आल्या. बुटक्या, कॉटनची साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, चष्मा गळ्यात साखळीला. आवाज इतका हळू, की ऐकायला सगळ्यांना वाकावं लागे. त्यांनी सेंथिलच्या रेघा पाहिल्या, मान डोलावली. मॉडेलपाशी आल्या, चंदन-कुंकू पाहून आधी हात जोडले.

"पाहा मॅडम," सर उत्साहात म्हणाले, "कसं वाहतंय! निळं पूर्ण निघून जातंय!"

"छान," मॅडम म्हणाल्या. आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या.

पारदर्शक वस्तू दुसऱ्या बाजूनंही पारदर्शक असते, ही गोष्ट आम्हा इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. वाकल्या. खूप वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"ही इथे कधीपासून आहे?"

सेंथिल बुटांकडे बघत होता. रामोजीराव वाटीकडे. सर खाकरले. माझ्या छातीत, घशात, जिभेपर्यंत सगळं दाटून आलं होतं आणि एक अक्षर पुढे सरकत नव्हतं.

आणि कंप्रेसर 'फुस्स' झाला!

मी उडाले, आणि त्यासरशी तोंडातून निघून गेलं, "आडीपासून, मॅडम!"

"प्रेशर!" खालून आवाज आला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आडीपासून? आणि पंप?"

"रोज चालवते, मॅडम."

"आज?"

"फुल्ल, मॅडम," सेंथिल पुटपुटला.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. चष्मा काढला. त्यांचा आवाज आणखी हळू झाला, आणि सर आणखी वाकले.

"राघवन सर, माझं मलम भाजलेल्या मुलांना लावतात. कोपऱ्यातलं जात नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

सरांना काहीही सांगता आलं असतं. रविवार म्हणता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिनं सांगितलं. रोज सांगत होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पोगुम म्हणालो."

"आणि आता?"

सर टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. मॅडमच्या शेजारी उभे राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि मुंगीकडे बघू लागले. निळं जेल मधून सरसर जात होतं. मुंगीचा पाय वर होता.

"पोगादु," राघवन सर म्हणाले.